पत्र्याची वाटी आणि तेलाचं पाणी



हातातलं काम चालू राहू द्या. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा. आज आम्ही पत्र्याविषयी बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, पत्र्याविषयी काय बोलायचं? तो तर डोक्यावर असतो, उन्हाळ्यात तापतो आणि पावसात वाजतो. पण जरा घरात नजर फिरवा. धान्याची कोठी, लग्नात आलेली पेटी, डबे, ताटं, वाट्या, हंडा, कपाट, गॅसची शेगडी, पाणी तापवायचा बंब हे सगळं पत्र्याचंच. दारात उभ्या गाडीचं अंगही पत्र्याचं. सपाट पत्रा कापून, दाबून, वाकवून, ओढून या वस्तू होतात. असं काम जिथे चालतं त्याला आपल्याकडे प्रेस शॉप म्हणतात. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, अंबड या औद्योगिक वसाहतींच्या आसपास ज्यांची गावं आहेत त्यांना हे सांगायला नको. घरटी एक माणूस तिथे कामाला जातो आणि संध्याकाळी कपड्यांना तेलाचा वास घेऊन परत येतो.

आम्ही आमच्या प्रभागातल्या बचत गटांचं काम बघतो. गेल्या काही महिन्यांत बैठकींमध्ये तीन प्रश्न पुन्हा पुन्हा आले. पहिला, कंपनीतले तेलकट हातमोजे धुवायचं काम गटाने घ्यावं का? दुसरा, कंपनीतून स्वस्तात मिळणाऱ्या रिकाम्या पिंपात पाणी भरावं का? आणि तिसरा, तेलाने भिजलेल्या चिंध्या चुलीत घातल्या तर बिघडतं काय? तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी पत्र्याचंच काम आहे. म्हणून आधी ते काम कसं चालतं ते समजून घेऊ आणि मग एकेक प्रश्न सोडवू.

आधी वाटी घेऊ.

कारखान्यात पत्रा येतो तो गुंडाळीच्या रूपात. चटई गुंडाळावी तसा, पण वजन काही टनांचं. त्याला कॉइल म्हणतात. कॉइल उलगडून पत्रा सरळ करतात आणि त्यातून गोल चकत्या कापतात. चकती साच्यावर ठेवतात, म्हणजे डायवर. वरून ठोकळा येतो, तो पंच. पंच चकतीला साच्यात ढकलतो आणि सपाट चकतीची खोलगट वाटी होते. मग वाटीची वाकडीतिकडी कड कापतात, वाटी धुतात, घासून चकचकीत करतात. झाली वाटी.

आता दिवाळीतली करंजी आठवा. आपण मोठी पोळी लाटतो आणि वाटीने गोल कापतो. दोन गोलांच्या मधे काय उरतं? तिकोनी तुकडे. पत्र्याचं अगदी तसंच आहे. वीस सेंटिमीटरच्या चौकोनातून वीस सेंटिमीटरचा गोल कापला तर शंभरातला साडेअठ्ठ्याहत्तर भाग कामी येतो आणि साडेएकवीस भाग कोपऱ्यांत जातो. चकत्या एकाखाली एक न ठेवता विटांच्या थरासारख्या मधल्या खाचेत बसवल्या तर नुकसान कमी होतं. पण गणित असं सांगतं की कितीही हुशारीने मांडल्या तरी गोल चकत्या शंभरातली नव्वद-एक्याण्णवाच्या वर जागा भरूच शकत नाहीत. गाडीच्या दाराचा पत्रा तर याहून अवघड. त्याच्या मधे खिडकीची मोठी पोकळी कापून काढावी लागते. तो मधला पत्रा दुसऱ्या कुठल्या भागाला वापरला नाही तर सरळ भंगारात जातो.

केंब्रिज विद्यापीठातले ज्युलियन ऑलवुड आणि त्यांचे सहकारी यांनी जगभरातल्या पोलादाचा असा हिशोब मांडला होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे भट्टीत वितळवलेल्या पोलादाचा साधारण चौथा भाग कधी वस्तू होतच नाही. तो बनवता बनवताच कापला जातो आणि परत भट्टीत जातो. अ‍ॅल्युमिनियमचं तर शंभरातलं चाळीस. म्हणजे चार भाकऱ्यांचं पीठ मळायचं, थापायचं, आणि एक भाकरी तव्यावर न टाकताच परत परातीत ढकलायची. रोज.

यावर कोणी म्हणेल, मग वाया कुठे गेलं? करंजीचे उरलेले तुकडे आपण पुन्हा मळतो, पुन्हा लाटतो. बरोबर आहे. पण पीठ मळायला आपले दोन हात पुरतात. पोलाद पुन्हा मळायचं तर ते वितळवावं लागतं, आणि ते दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. आपलं पाणी शंभराला उकळतं, यावरून अंदाज करा. तेवढ्या उष्णतेला वीज लागते, आणि आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावरच होते.

शिवाय तुकड्यांचा परत पत्रा होईलच असं नाही. भंगारात तांबं, रंग, इतर धातू मिसळले की त्याचा वाकणारा मऊ पत्रा करणं अवघड जातं. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून घराच्या स्लॅबची सळई करतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ते ओतकामाला वापरतात. ही चांगलीच गोष्ट आहे, लोखंड मातीत जात नाही. पण करंजीच्या पिठाची शेवटी शंकरपाळीच झाली, एवढं लक्षात ठेवा. नव्या करंजीला नवं पीठ लागलंच.

आणि हे नवं पीठ फार महाग पडतं. पैशाने नव्हे, जमिनीने आणि हवेने. खनिजापासून एक टन पोलाद करायला दीड टनाच्या आसपास लोहखनिज लागतं आणि पाऊण टनाहून थोडा जास्त कोळसा. खनिज ओडिशा, झारखंड, छत्तीसगडमधून येतं, आपल्या गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरातूनही येतं. तिथेही आपल्यासारख्याच बाया राहतात, त्यांचंही रान आहे, पाणवठे आहेत. जगाची सरासरी बघितली तर एक टन पोलादामागे साधारण दोन टन कार्बन डाय ऑक्साइड हवेत जातो. पाऊस पुढे-मागे होतो, एकदम कोसळतो, मधेच दडी मारतो, त्यामागे जे वायू आहेत त्यांतला हा मुख्य.

म्हणून आम्हाला एक गोष्ट नवी कळली, ती तुम्हालाही सांगतो. आपल्याला वाटतं, प्रेस केवढी मोठी, धाडधाड आवाज करते, सगळी वीज तीच खात असेल. खाते, नाही असं नाही. काम नसताना मोटार चालू ठेवली तर उगाच खाते. पण पत्रा दाबायला लागणारी वीज ही पत्रा मुळात तयार करायला लागलेल्या ऊर्जेपुढे थोडी असते. त्यामुळे प्रेस शॉपने पृथ्वीवरचा भार कमी करायचा म्हटला तर पहिलं काम म्हणजे कापण वाचवणं. आपल्या शिवणाच्या गटातल्या बायका ब्लाऊजचे तुकडे कापडावर आधी फिरवून-फिरवून बसवतात आणि मगच कात्री लावतात. बाहीच्या शेजारच्या तुकड्यातून पट्टी काढतात. तेच डोकं इथे लागतं. चांगल्या कारखान्यात संगणकावर हे मांडून बघतात आणि मोठ्या भागातून उरलेल्या पत्र्यात छोटा भाग काढतात. तुमच्या घरातला कोणी डायच्या विभागात असेल तर त्याला विचारा, ‘तुमच्या शंभर किलोतलं किती किलो भंगारात जातं?’ हा प्रश्न घरातून गेला की बरं असतं.

आता तेलाकडे वळू. आपल्या गावाशी खरी गाठ इथे पडते.

पत्रा साच्यात ढकलताना घासतो, तापतो, फाटतो. म्हणून त्यावर तेल लावतात. पोळी लाटताना पिठी लावतो तसं समजा. हलक्या कामाला पातळ तेल चालतं. खोल भांडं ओढायचं असेल तर चिकट, जड तेल लागतं, आणि अशा तेलांत पुष्कळदा क्लोरीन असलेले पदार्थ मिसळतात. त्यांना क्लोरिनेटेड पॅराफिन म्हणतात. यांतल्या एका जातीवर स्टॉकहोम कराराखाली २०१७ मध्ये जगभर बंधन आलं आणि दुसऱ्या जातीवर २०२५ मध्ये. कारण हे पदार्थ मातीत, पाण्यात लवकर विरत नाहीत, माशांच्या आणि माणसांच्या अंगात साठत जातात.

हे तेल पत्र्यावर लागतं, तिथून वाटीवर, कामगाराच्या हातमोज्यावर, पुसायच्या चिंधीवर, जमिनीवर आणि शेवटी धुण्याच्या पाण्यात. कारखान्याच्या आत असेपर्यंत त्याची जबाबदारी कारखान्याची. खरी पंचाईत होते ती ते मोजे आणि त्या चिंध्या फाटकाबाहेर पडतात तेव्हा.

आता पहिला प्रश्न, हातमोज्यांचा.

आमच्याकडे एक ठेकेदार ग्रामसंघाच्या बैठकीला आला. म्हणाला, ‘ताई, उन्हाळ्यात तुमच्या बायकांना काम नसतं. मी पोती आणून देतो. जोडीला दोन रुपये. ओढ्यावर धुवा, वाळवा, मोजून परत द्या. सोडा, साबण माझा.’ चौघींनी मिळून दिवसाला दोनशे जोड्या धुतल्या तर चारशे रुपये. एकीला शंभर. घर सांभाळून, गावात बसून. पोरांच्या शाळेच्या वह्या त्यातून येतात. त्यामुळे आम्ही त्याला हसण्यावारी नेलं नाही आणि लगेच हाकलूनही दिलं नाही. ज्या घरात चैत्र-वैशाखात मजुरी नाही तिथे शंभर रुपयांची किंमत काय असते ते आम्हाला माहीत आहे.

आम्ही त्याच्याकडून वीस जोड्या मागून घेतल्या आणि ओढ्यावर न नेता एका घमेल्यात धुतल्या. पाणी बादलीत ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी बघितलं तर वर इंद्रधनुष्यासारखा तवंग, मधे दुधाळ पाणी आणि तळाला बारीक चकाकणारा कीस. तो पत्र्याचा कीस. धुताना दोघींच्या बोटांना चरे पडले ते त्यानेच. सोड्याने मोजा स्वच्छ झाला होता. पण तेल नाहीसं झालं नव्हतं. ते मोज्यातून पाण्यात आलं होतं एवढंच.

मग आम्ही हिशोब केला. ओढ्यात किंवा नदीत सोडायच्या सांडपाण्याला कायद्याने मर्यादा घातलेली आहे. एका लिटरमध्ये तेल आणि ग्रीस दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आता एका जोडीत एक छोटा चमचा तेल धरा, म्हणजे पाच मिलिलिटर. दोनशे जोड्यांचं एक लिटर झालं. एक लिटर तेलाचं वजन साधारण नऊशे ग्रॅम. ते त्या मर्यादेत बसेल इतकं पातळ करायचं तर नव्वद हजार लिटर पाणी लागेल. दहा हजार लिटरचे नऊ टँकर. एका दिवसाच्या चारशे रुपयांच्या कामाला नऊ टँकर पाणी. आणि ही मर्यादा सांडपाण्याची आहे बरं का, पिण्याच्या पाण्याची नव्हे. आमच्या ओढ्याला उन्हाळ्यात गुडघाभर डबकं असतं. त्यात गुरं पाणी पितात आणि त्याच्याच काठाला नळयोजनेची विहीर आहे.

हा हिशोब बैठकीत फळ्यावर मांडला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ‘म्हणजे शंभर रुपये मिळवायचे आणि टँकरला हजार घालवायचे.’ आम्हाला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आता कायदा काय म्हणतो तेही ऐका. २०१६ चे घातक कचऱ्याचे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांच्या यादीत वापरलेलं तेल आहे, तेल असलेला गाळ आहे, घातक रसायन लागलेल्या चिंध्या आणि पुसायचं साहित्य आहे. हातमोजा हा शब्द तिथे वेगळा लिहिलेला नाही, पण मोज्यातलं तेल तेच असतं. असा कचरा जो गोळा करेल, साठवेल, हाताळेल त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ठेकेदाराकडे ती होती का? आम्ही विचारलं. त्याने विषय बदलला. उद्या कोणी तक्रार केली असती तर पोती आमच्या दारात सापडली असती.

आणि अंगाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे. तिने शुद्ध न केलेली किंवा जेमतेम शुद्ध केलेली खनिज तेलं माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहेत. चांगलं शुद्ध केलेलं तेल त्यात येत नाही. पण पोत्यातल्या मोज्याला कुठलं तेल लागलंय हे आपल्याला कोण सांगणार? रोज त्यात हात घालणाऱ्या बाईच्या कातडीला खाज, फोड, भेगा हे तर आधीच सुरू होतं.

मग आम्ही काय केलं? ग्रामसंघाने ठराव केला की ओढ्यावर किंवा घरी मोजे धुवायचे नाहीत. पण काम नाकारलं नाही. आम्ही दोन कारखान्यांना पत्र दिलं. तुमच्याच आवारात धुण्याचं यंत्र ठेवा, पाणी तुमच्या सांडपाणी प्रकल्पात जाऊ द्या, काढलेलं तेल तुम्हीच परवाना असलेल्याला द्या, आणि यंत्रावर आमच्या बायका कामाला घ्या. त्यांना रबरी हातमोजे, गमबूट आणि रोजाची नोंद द्या. एका कारखान्याने ऐकलं. यंत्रात आधी मोजे गरागरा फिरवून तेल काढून घेतात, कपड्याच्या मशीनमध्ये पाणी पिळतात तसं, आणि मगच धुतात. आज आमच्या चौघीजणी तिथे पाळीने जातात. दुसऱ्या कारखान्याने उत्तरच दिलं नाही. त्याचं काम ठेकेदाराने दुसरीकडे दिलं असणार. आमच्या दोन गटांना अजून उन्हाळी काम मिळालेलं नाही, हेही सांगायला हवं. ओढा वाचला पण सगळ्यांची चूल त्यावर पेटली नाही. म्हणूनच हा विषय एका गावाचा नाही. शेजारच्या गावाने ते पोतं घेतलं तर ओढा खाली त्यांच्याकडून आपल्याकडेच येतो. निदान एका ओढ्याच्या काठच्या सगळ्या गटांनी एकच भूमिका घेतली पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, पिंपांचा.

दोनशे लिटरचं पिंप, निळं प्लास्टिकचं नाहीतर लोखंडी. बाजारात नवं घ्यायला परवडत नाही आणि कंपनीतलं स्वस्त मिळतं. पाण्याची टंचाई असलेल्या घराला मोह होणारच. पण घातक रसायनं भरलेली रिकामी पिंपंसुद्धा त्याच नियमांच्या यादीत आहेत. कितीही विसळलं तरी प्लास्टिक आतून थोडं तेल-रसायन शोषून घेतं आणि नंतर हळूहळू पाण्यात सोडत राहतं. लोखंडी पिंपाच्या शिवणीत ते अडकून बसतं. तेव्हा पाणी नको, धान्य नको, गुरांचं पाणीही नको. ज्या पिंपावर धोक्याचं चित्र आहे, किंवा ज्यावरचा कागद खरवडून काढलाय, ते दारात घेऊच नका. कागद खरवडलेला दिसला की समजायचं, लपवण्यासारखं काही होतं. पिंप घ्यायचंच असेल तर खाद्यतेलाचं किंवा खाण्याच्या इतर पदार्थांचं आहे याची खात्री करून घ्या.

तिसरा प्रश्न चिंध्यांचा.

तेलकट चिंधी चुलीत लवकर पेट घेते, पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायला बरी पडते, बंबाखाली घालायलाही सोपी. हे खरं आहे. पण त्या तेलात क्लोरीनचे पदार्थ असतील तर जळताना आम्लाचा धूर निघतो, डोळे-घसा जळतो, आणि अर्धवट जळणाऱ्या चुलीत डायॉक्सिनसारखी विषं तयार होऊ शकतात. चुलीजवळ कोण बसतं? आपण, आणि आपल्या पदराशी असलेलं लेकरू. राखही आपण परसात टाकतो, भांडी घासायला घेतो. म्हणून चिंधी चुलीत नाही, शेकोटीत नाही, गोठ्यातल्या धुरीला तर नाहीच. घरातला माणूस खिशात घालून आणत असेल तर त्याला प्रेमाने सांगा, ती कंपनीतच ठेव. पुणे जिल्ह्यात रांजणगावला अशा घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट होते. तिथपर्यंत ती पोचवणं हे कंपनीचं काम आहे.

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त आपल्या तालुक्याचा नाही. स्टीलची वाटी चकचकीत होण्याआधी पत्रा आम्लात बुडवून साफ करावा लागतो. दिल्लीच्या वझीरपूर भागात अशी कामं वस्तीतच चालत आली आणि आम्लाचं पाणी नाल्यात जात राहिलं. वस्तीतले असे कारखाने बंद केले नाहीत म्हणून २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली सरकारला ५० कोटी रुपये भरायला सांगितले. आपल्या ताटातल्या वाटीचा प्रवास कुणाच्या तरी नाल्यातून होतो, हे यातून दिसतं.

मग पत्रा वाईट का? नाही. प्लास्टिकचा डबा दोन-चार वर्षांत तडकतो आणि उकिरड्यावर पडतो. आजीचा पितळी डबा अजून चालतो. पत्र्याची वस्तू टिकते, आणि मोडली तरी तिला मोल असतं. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे पिढ्यान् पिढ्या तांब्याचा पत्रा हातोडीने ठोकून भांडी घडवत आले. जुनं भांडं मोडीत द्यायचं, वजन करून त्याची किंमत वळती करायची आणि नवं घ्यायचं, ही आपली जुनीच रीत. त्या रीतीत कापणाचा कणही वाया जात नसे.

आणि भंगार वेचणाऱ्या बायांनाही विसरू नका. १९९३ मध्ये पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेच्या नावातच पत्रा आहे. ज्यांना लोक हिणवत होते त्या बायांनी दाखवून दिलं की आम्ही शहराचा धातू मातीत जाण्यापासून वाचवतो. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरलं तर खनिजापासून नवं करण्याच्या तुलनेत फक्त पाच टक्के ऊर्जा लागते. म्हणजे जुनं पातेलं भंगारात देणारी प्रत्येक बाई मोठं काम करते. गटाला भंगाराचा धंदा करायचा असेल तर घरगुती भंगाराचा जरूर करा. लोखंड, स्टील, अ‍ॅल्युमिनियम, पितळ वेगवेगळं ठेवा, भाव जास्त मिळतो. फक्त कारखान्यातला तेल गळणारा कीस आणि कापण घेऊ नका. तेल निथळलेलं हवं, आणि ते निथळण्याची जागा कारखान्यात असते, आपल्या अंगणात नव्हे.

आता शेवटचं, पुढच्या बैठकीत काय करायचं ते सांगतो.

एक. गावातल्या कोणत्या घरांत कंपनीची पिंपं, मोजे, चिंध्या येतात, याची यादी करा. नावं ठेवायला नव्हे, समजावून सांगायला.

दोन. गावातलं पाणी तपासा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं शिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच कोण आहेत ते शोधा. पण त्या किटमध्ये तेल कळत नाही. म्हणून विहिरीवर तवंग दिसला किंवा वास आला तर ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि अर्जात ‘तेल व ग्रीस तपासावे’ असं स्पष्ट लिहा. लिहिलं नाही तर तपासत नाहीत.

तीन. ग्रामसभेत विषय घ्या. आपल्या हद्दीतल्या प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात किती सांडपाणी, किती घातक कचरा आणि त्याचं काय करायचं हे लिहिलेलं असतं. त्याची प्रत मागा. ओढ्यात तेल दिसलं तर फोटो काढा, तारीख, वेळ, जागा लिहा आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका.

चार. गटाला कंपनीचं कोणतंही काम आलं की हे तीन प्रश्न विचारा. यातून निघालेलं पाणी कुठे जाणार? यातून निघालेला कचरा कुठे जाणार? आणि या कामाचा परवाना कुणाच्या नावावर आहे? तिन्हींची उत्तरं कागदावर मिळाली तर बेलाशक काम घ्या. मिळाली नाहीत तर काम कितीही सोपं दिसू द्या, गटाचा शिक्का त्यावर उठवू नका.

आपली माणसं त्या कारखान्यांत राबतात, त्यांच्या पगारावर घरांचे हप्ते जातात. कारखाना बंद पडावा असं आम्हाला वाटत नाही. आम्ही एवढंच म्हणतो की पत्र्याची वाटी घरात यावी, तिचं तेल मात्र विहिरीत येऊ नये. हे दोन्ही एकत्र जमतं. आमच्या चौघीजणी त्या यंत्रावर काम करतात, त्याच ते रोज दाखवून देतात.

तुमच्या गावाचा अनुभव आम्हाला कळवा. चिठ्ठी लिहून ग्रामसंघाच्या सखीकडे दिली तरी ती आमच्यापर्यंत येते.